उघड्या दारासमोर

१

मावशी सापडली ती उघड्या दारासमोर, आणि पहिल्या दिवशी त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

चार मजली इमारत. तळमजल्यावर गादीवाल्याचं दुकान. भर दुपारी त्याच्या कापूस पिंजायच्या यंत्रातून ठिणगी उडाली आणि बघता बघता पुढचा जिना धुराने भरून गेला. तिसऱ्या मजल्यावर पाळणाघर होतं, मुलं जेवून गाढ झोपलेली. सांभाळणारी मावशी एकटीच. तिने मुलांना उठवलं, मागच्या जिन्याने खाली न्यायला निघाली, तर खालूनही धूर. मग वर गेली, गच्चीच्या दारापर्यंत. तिथून सगळी वरात घेऊन परत खोलीत आली, दार लावलं, फटींत ओल्या चादरी कोंबल्या आणि खिडकीतून जीव खाऊन ओरडत राहिली. बंबाची शिडी खिडकीला लागली आणि मुलं एकेक करून सुखरूप खाली उतरली.

मावशी उतरली नाही. मुलं मोजताना तिला एक कमी भरलं. ते पोरगं आधीच खाली जाऊन रस्त्यावर कुणाच्या तरी कडेवर बसलं होतं, पण तिला वाटलं, वरच्या पायऱ्यांवर राहिलं. जवान नको नको म्हणत असताना ती पुन्हा मागच्या जिन्यात शिरली आणि तिच्या पाठोपाठ धूरही शिरला.

थोड्या वेळाने शेजारच्या गच्चीवरून उडी मारून जवान आले. त्या मागच्या जिन्याचं गच्चीचं दार त्यांनी एका बोटाने उघडलं. आतून दाराला टेकून बसलेली मावशी अलगद बाहेर कलंडली आणि तिचं डोकं उन्हात आलं. जवानांना वाटलं झोपलीय.

दाराला कुलूप नव्हतं. कडी नव्हती, साखळी नव्हती, किल्लीला भोकसुद्धा नव्हतं, कारण संकटकाळच्या दाराला असलं काही ठेवायचंच नाही असा नियम. नुसतं एक हँडल, दोन्ही बाजूंनी. खाली दाबलं की दार उघडणार. अशा दारासमोर एक धडधाकट, शहाणी बाई गुदमरून मेली.

चौकशी आली डुलकी मॅडमकडे. अग्निशामक खात्यात त्यांना समोर कुणी असं म्हणत नसे, पण मागे सगळे म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. साक्ष ऐकताना त्या डोळे मिटून घेत. हनुवटी हळूहळू छातीकडे जाई, बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येई, आणि अशा वेळी माणसं ठरवलेलं सोडून भलतंच खरं बोलून जात. त्या झोपत होत्या की ऐकत होत्या, ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

त्या सकाळी ऑफिसबाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. मावशीची धाकटी बहीण. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तिथूनच रजा टाकून आली होती.

"मॅडम, लोक म्हणतात ती घाबरली आणि दार उघडायचंच विसरली. हँडल ओढत बसली असेल, दाबायचं सुचलं नसेल, असं म्हणतात. पाळणाघरातल्या मुलांच्या आयासुद्धा म्हणतात." तिचा आवाज अगदी सपाट होता. "माझी बहीण इतकी वेंधळी नव्हती हो. मला बाकी काही नको. एवढंच सांगा, ते दार उघडं होतं की बंद?"

मॅडमनी उघडं म्हणावं तर मावशी वेंधळी ठरत होती. बंद म्हणावं, तर ते बंद करणारा आणि नंतर गुपचूप उघडणारा कुणीतरी हवा होता.

२

"कुणी नाही," साहेब म्हणाले. "उगाच रहस्य करू नका मॅडम. दार बिघडलेलं असणार, अडकत असणार. जवानाने जोर लावला, सुटलं. आणि ते बिघडलेलं होतं हे ज्याने आठवडाभर आधी बघायला हवं होतं, त्याने बघितलंच नाही. विषय संपला."

"जवान म्हणतात, एका बोटाने उघडलं."

"जवानांची बोटं तशीच असतात."

साहेबांच्या खोलीत पंखा इतका संथ फिरत होता की मॅडमच्या पापण्या जड झाल्या. पण साहेब बाणाबद्दल बोलू लागले आणि त्यांची झोप उडाली. लेकीचं कौतुक चाललेलं असताना कुठल्या आईला झोप येईल?

बाण म्हणजे तपासनीसाच्या हातातलं यंत्र. पूर्वी एका इमारतीची तपासणी म्हणजे अर्धा दिवस जायचा. पुढचा जिना चढा, उतरा, मागचा चढा, उतरा, पुन्हा काही राहिलं म्हणून वर जा. वर्ष संपायचं आणि निम्मं शहर राहून जायचं. मॅडमची लेक पालिकेच्या संगणक विभागात होती. तिने इमारतींचे नकाशे घेऊन असे मार्ग आखले की एक पाऊलही दोनदा पडायला नको. यंत्रावर बाण दिसतो, बाणामागे चालायचं, जिथे थांबवेल तिथे विचारेल त्याचं हो किंवा नाही दाबायचं. यंदा पहिल्यांदाच शहरातली एकही इमारत तपासायची उरली नव्हती. साहेबांच्या मागे भिंतीवर त्याचं सन्मानचिन्ह होतं आणि घरी लेकीच्या खोलीत दुसरं.

"तुमच्या लेकीने शहर वाचवलंय," साहेब म्हणाले. "आणि एका आळशी माणसापायी त्यावर शिंतोडे उडायला नकोत. यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

आळशी माणूस म्हणजे शिडी. उंचीमुळे पडलेलं नाव. वीस-एक वर्षांची नोकरी, कधी कुणाच्या अध्यातमध्यात नाही. आगीच्या आठवडाभर आधी त्यानेच ती इमारत तपासली होती, आणि 'गच्चीचं दार उघडलं का?' या प्रश्नावर त्याच्या यंत्रात हो पडलेलं होतं.

"खाली चहाच्या टपरीवर बसून दाबलं असणार," साहेब म्हणाले. "पुरावा हवाय? त्याचाच जबाब ऐका." आणि त्यांनी वाचून दाखवलं. शिडीचं म्हणणं असं, की मी स्वतः गच्चीचं दार उघडलं, सहज उघडलं, आणि उघडल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे काही दिसेना इतका अंधार होता.

साहेबांनी मॅडमकडे विजयी मुद्रेने बघितलं.

"भर दुपारी गच्चीचं दार उघडलं की काय येतं मॅडम? उजेड येतो. डोळे दिपतात. आणि हा पठ्ठ्या म्हणतो अंधार आला. जो माणूस तिथे गेलाच नाही, तोच असं बोलणार. शुक्रवारी अहवाल द्या. मावशीच्या मृत्यूला हा जबाबदार, असा गुन्हा दाखल करायचाय."

मॅडमना खरं म्हणजे शिडी आवडायचा. त्या उठल्या तेव्हा तो दाराबाहेर उभा होता, चौकटीला डोकं लागू नये म्हणून सवयीने वाकलेला. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "पोरांची शपथ, अंधारच होता."

३

जळालेल्या इमारतीत तळमजला सोडला तर फारसं काही जळलं नव्हतं. धुराने भिंती काळ्या केल्या होत्या एवढंच. पण वाचलेला कापूस अजून कुठून कुठून तरंगत होता. जिन्यात, खिडकीत, पहारेकरी काकांच्या चहाच्या कपात. उन्हाच्या तिरिपेत ते पुंजके वर जायचे, थबकायचे आणि जणू काही आठवून पुन्हा खाली यायचे. मॅडम बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. असल्या ठिकाणी आग लागली होती हे खरंच वाटेना.

"मागच्या जिन्याने कोण वर जायचं?" त्यांनी काकांना विचारलं.

"कुणी नाही. लोक पुढच्यानेच चढतात, मागे कशाला तडमडतील? मावशी फार तर मुलांचं काही वाळत घालायला गच्चीत जायची, तीही पुढूनच. पुढचं गच्चीचं दार दिवसभर सताड उघडं असतं."

"आग लागली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"फाटकात. बंबाला वाट दाखवत होतो. सगळ्या गल्लीने पाहिलंय मला, अगदी अंगावरचा सदरा काढून हलवत होतो." काका ओशाळले. "बनियन फाटका होता, तेही पाहिलंय."

गादीवाला शेजारच्या ओट्यावर बसला होता. भुवया जळून गेल्यामुळे त्याचा चेहरा सारखा चकित झाल्यासारखा दिसायचा. मॅडम त्याच्या शेजारी बसल्या, भिंतीला टेकल्या आणि डोळे मिटून घेतले. गादीवाला आधी विम्याबद्दल बोलला, मग यंत्राबद्दल, मग हळूहळू त्याचा आवाज उतरला.

"मॅडम, तुम्हाला कुणीतरी सांगणारच, त्यापेक्षा मीच सांगतो. त्या दारासमोर मी माझी गाठोडी ठेवायचो. गच्चीत कापूस वाळत टाकला की तिथेच कडेला लावायचो."

मॅडमचे डोळे मिटलेलेच राहिले. दार बाहेरच्या बाजूला, गच्चीकडे उघडणारं. समोर जड गाठोडी असतील तर आतली बाई कितीही जोर लावू दे, दार हलणार नाही.

"त्या दिवशी होती गाठोडी?"

"नव्हती हो! देवाशपथ नव्हती. आधीच्या आठवड्यात तुमचा तो उंच माणूस आला होता ना, त्याने मला असा झापला! मी कापूस उलटत होतो. हा पुढच्या जिन्याने आला आणि म्हणतो, हा पसारा काढ, माझ्या वाटेत येतोय. मी काढला. तो गेल्यावर पुन्हा ठेवायला हात धजावला नाही." गादीवाल्याला रडू फुटलं. "मावशी मुलांच्या उशा माझ्याकडूनच भरून घ्यायची. कापूस मऊच हवा म्हणून हात घालून बघायची. मी तिला कशाला कोंडेन?"

तो खोटं बोलत असता तरी उपयोग नव्हता. आग लागल्यापासून तो रस्त्यावर डोकं बडवत होता, पन्नास माणसांसमोर. जवानांना गच्ची मोकळी दिसली होती. गाठोडी असतीच, तर ती हलवायला वर कुणी नव्हतंच.

म्हणजे काका नाही आणि गादीवालाही नाही. दार अडवणारं कुणीच नव्हतं, तरी ते मावशीला उघडलं नव्हतं. शिल्लक राहिली दोनच माणसं, वेंधळी मावशी किंवा खोटारडा शिडी, आणि उद्या शुक्रवार होता.

४

मॅडम गच्चीवर गेल्या. पुढच्या जिन्याने, कारण मागच्यात अजून काजळी होती. मागच्या जिन्याचं दार जवानांनी त्या दिवशी खाली लाकडी पाचर ठोकून उघडं ठेवलं होतं, ते तसंच होतं. पंचनाम्याच्या वेळी कुणीतरी दोन्हीकडची हँडलं दाबून पाहिली होती. दोन्ही खाली जात होती, दोन्ही वर येत होती. दार ठीक, असा शेरा पडला होता.

गच्चीवर गादीवाल्याने वाचवलेल्या चार गाद्या उन्हात टाकल्या होत्या. आता नाव डुलकी मॅडम, ऊन कोवळं, गादी नवी. त्या जरा टेकल्या, आणि टेकल्या त्या आडव्याच झाल्या.

झोपेत त्यांना मावशी दिसली. तिला त्यांनी जिवंतपणी कधी पाहिलं नव्हतं, पण स्वप्नाला त्याचं काही नसतं. मावशी पायऱ्यांवर बसली होती, मांडीवर उशी घेऊन, आणि कापूस दाबून बघत होती. मॅडमनी विचारलं, दार उघडं आहे ना? मावशी म्हणाली, तुमच्या बाजूने आहे. एवढं बोलून ती पुन्हा उशी दाबू लागली.

मॅडम जाग्या झाल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तोंड कोरडं पडलं होतं. सावलीत जावं म्हणून त्या उठल्या आणि जवळच्या दाराने आत शिरल्या, ते मागच्या जिन्याचं.

आत पाऊल टाकलं आणि काही दिसेना.

पायरी दिसेना, कठडा दिसेना, स्वतःचा हात दिसेना. लख्ख उन्हातून आल्यामुळे डोळ्यांपुढे नुसता काळोख पसरला होता. त्या भिंत धरून उभ्या राहिल्या. आणि तिथे, एक पाय आत आणि एक बाहेर असताना, त्यांना शिडीचा आवाज आठवला. अंधारच होता, मॅडम.

गेलाच नसता, तर त्याने डोळे दिपले असंच सांगितलं असतं. गच्चीचं दार म्हटल्यावर कुणीही तेच सांगेल, साहेबांनीही तेच सांगितलं. अंधार सांगणारा माणूस एकच, जो गच्चीवरून आत आला. शिडी आला होता. पुढच्या जिन्याने चढला होता, गादीवाल्याला झापून वाट मोकळी केली होती, आणि हे दार बाहेरून उघडून मागच्या जिन्याने खाली उतरला होता.

मग त्यांना दुसरी गोष्ट कळली. एका बोटाने दार उघडणारे जवानसुद्धा बाहेरूनच आले होते.

आतून हे दार कुणी उघडलं होतं? या सगळ्या प्रकरणात आतून ते एकाच माणसाने उघडायला घेतलं होतं, आणि ते माणूस आता बोलणार नव्हतं.

पूर्वीची पद्धत मॅडमना पाठ होती, त्यांनी स्वतः ती वर्षानुवर्षं केली होती. जिना चढायचा आणि तोच उतरायचा. गच्चीचं दार आतून उघडलं नाही तर तपासनीस स्वतःच अडकायचा आणि शिव्या घालत खाली यायचा. ती शिवी हीच खरी तपासणी होती. एकही पाऊल दोनदा पडायला नको म्हणून या शहाण्या मार्गाने नेमकी तीच फेरी काढून टाकली होती.

आणि तो मार्ग कुणी आखला होता, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

५

शिडी निलंबित होता, तरी बोलावल्यावर धावत आला.

"तू बाहेर गच्चीत थांब," मॅडम म्हणाल्या. "मी आत जाते आणि पाचर काढते. मी हाक मारेपर्यंत दाराला हात लावायचा नाही."

"मॅडम, काय करताय? आत गुदमराल."

"आता धूर कुठाय? थांब म्हटलं ना."

त्यांनी पायाने पाचर सरकवली. दार हळूच, सभ्यपणे, आपलं आपण लागलं. आत अंधार झाला. काजळीचा वास नाकात बसला. मॅडमनी चाचपडत हँडल शोधलं. मिळालं. दाबलं. ते गुळगुळीत खाली गेलं आणि सोडल्यावर वर आलं. चांगल्या हँडलने जसं वागावं तसंच ते वागलं.

दार हललं नाही.

पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. दोन्ही हातांनी दाबून खांद्याने रेटलं. हँडल खाली जात होतं, वर येत होतं, आणि दार जागच्या जागी. दोन्ही हँडलांना जोडणारी लोखंडी कांडी आतल्या बाजूने तुटलेली होती. बाहेरचं हँडल चौकटीत अडकणारी दाराची जीभ अजून मागे ओढत होतं. आतल्याचा जिभेशी संबंधच उरला नव्हता. उघड्या दारात दाबून बघणाऱ्याला हे कळायचं काही कारण नव्हतं.

बाहेर ऊन आहे, माणूस आहे, हात लांब केला तर पोचेल इतकं सगळं जवळ आहे, हे मॅडमना माहीत होतं. तरीही त्यांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. मावशीला तर यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला फक्त हँडल माहीत होतं, आणि ते नीट चालत होतं. आपलंच काही चुकतंय असं वाटून ती किती वेळा दाबत राहिली असेल? मॅडमना त्या अंधारात रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

मग त्यांनी हाक मारली. शिडीने बाहेरून एक बोट ठेवलं आणि दार उघडलं.

मॅडमचा चेहरा बघून तो समजला. त्याने आतलं हँडल दाबलं, जीभ बघितली, पुन्हा दाबलं. मग तो मटकन खाली बसला. बसल्यावरही बराच उंच होता.

"मी उघडलं होतं ना, मॅडम?" तो लहान मुलासारखा म्हणाला.

"उघडलं होतंस."

"बाणाने विचारलं, उघडलं का. मी हो म्हटलं."

"खरंच सांगितलंस तू. बाणानेही खरंच लिहून घेतलं."

"मग आता माझं काय होणार?"

अहवालात नुसतं 'हँडल नादुरुस्त होते' एवढं लिहिलं, तर मावशी सुटत होती. कुणी पुढे विचारलंही नसतं, फक्त हँडल बिघडलंय हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही, असं शिडीला विचारलं असतं. आणि लेकीला कुणीच काही विचारलं नसतं. हा विचार मनात आला, चांगला ऐसपैस बसला, आणि मॅडमना त्याची लाज वाटली तरी तो उठेना.

"तू घरी जा," त्या म्हणाल्या. "मलाही घरी जायचंय."

६

"आज लवकर?" लेक म्हणाली. "आणि डोळे टक्क उघडे! बरी आहेस ना आई?"

मॅडमनी चप्पल काढली, पाणी प्यायल्या, आणि सरळ सांगून टाकलं. आधी अंधार, मग गाठोडी, मग हँडल. लेक हुशार होती. बाहेरून आत शिरण्याचा भाग आला तेव्हाच तिचा चेहरा बदलला.

"पण आई, आधी निम्म्या इमारतींपर्यंत कुणी पोचतसुद्धा नव्हतं," ती म्हणाली. "माझ्यामुळे किती ठिकाणची आग विझवायची बंद पडलेली नळकांडी सापडली, किती तळघरं मोकळी झाली. तू बघितलंयस."

"बघितलंय."

"आणि त्या जुन्या फेऱ्या फुकटच्याच होत्या. सगळे तपासनीस तेच म्हणायचे. मी प्रत्येकाला विचारलं होतं."

"मला नाही विचारलंस."

"तू झोपली होतीस!"

दोघींनाही हसू आलं आणि ते मधेच विरलं. लेक उठून खिडकीशी गेली. बाहेर संध्याकाळ होत होती, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी कपडे काढत होतं. लेक त्या गच्चीकडे बघत राहिली.

"प्रत्येक इमारतीत मी पुढून चढवते आणि मागून उतरवते," ती हळू म्हणाली. "म्हणजे शहरातलं एकही गच्चीचं दार आतून तपासलं गेलेलं नाही."

"नाही."

"बाण उलटा फिरवला तर?"

"तर तळाचं दार बाहेरून उघडलं जाईल आणि ते आतून तपासायचं राहील."

"मग दोन्ही जिने दोन्ही वेळा? पुन्हा निम्मं शहर राहील, आई."

"दारातून आत जायचं," मॅडम म्हणाल्या. "मागे दार लागू द्यायचं. मग तेच आतून उघडून बघायचं आणि उतरायला लागायचं."

लेकीने वळून बघितलं. "एवढंच?"

"एवढंच."

ते ऐकल्यावर ती खाली बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडली. काही मोठी, अवघड चूक असती तर तिला कदाचित सोसलं असतं. मॅडम शेजारी बसल्या. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी फिरवत तसाच, आणि मनात बसलेला तो विचार शेवटी स्वतःहून बोलून दाखवला. अहवालात नुसतं हँडल लिहिता येईल, असा.

"आणि शिडीकाका?"

मॅडमचा पाठीवरचा हात थांबला.

"लिही," लेक म्हणाली. "मार्ग मी आखला असं लिही. संगणक विभागाने आखला असं मोघम नको. माझं नाव घाल." मग तिने डोळे पुसले आणि फोन उचलला. "साहेबांना मी सांगते. सगळे बाण आत्ता थांबवते, आणि उद्या सकाळपासून दारं. तपासनीस सगळे लागतील. शिडीकाका सगळ्यात आधी."

फोनवर साहेब आधी ओरडले. मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, आपल्या ऑफिसच्या गच्चीचं दार कुणी आतून उघडलंय का?

७

शुक्रवारी अहवाल गेला, आणि संध्याकाळी मॅडम लेकीला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेल्या. सांगायला मीच जाते असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण लेक ऐकेना. दिवसभर जिने चढून तिच्या पायांत गोळे आले होते.

दुकानात मावशीची बहीण एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कानामागे काडी बसवत होती. तिने दोघींना बघितलं, पण हातातलं काम घाई न करता पुरं केलं. गृहस्थ गेल्यावर काउंटरवरचं कापड घडी करून ठेवलं.

"दार बंद होतं," लेक म्हणाली. "बाहेरून उघडत होतं, आतून नाही. तुमच्या बहिणीने जे करायला हवं ते सगळं बरोबर केलं. हँडल तुटलेलं होतं. आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमची माणसं त्या दारातून फक्त बाहेरून आत जायची. तशी मी त्यांना पाठवत होते. मार्ग माझा होता."

बहिणीने लेकीकडे बघितलं, मग मॅडमकडे, आणि दोघींच्या नाकांवरून तिला कळलं असावं.

"ही तुमची मुलगी?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

"आणि तुम्ही हे लिहून दिलंत?"

"हो."

बाहेर रस्त्यावर दिवे लागत होते आणि काचेच्या कपाटांतल्या शेकडो चष्म्यांत ते एकेक करून उमटत होते. लेक मान खाली घालून उभी होती. मॅडमना वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरंही वाटलं असतं.

"मग बाकीची दारं?" बहिणीने विचारलं.

"आजपासून आतून उघडून बघतोय. सगळं शहर व्हायला वेळ लागेल."

"आज जी बघितली, ती सगळी उघडली?"

लेकीने नकारार्थी मान हलवली. "एक नाही उघडलं."

"कुठलं?"

"प्रसूतिगृहाचं. वरच्या मजल्यावर बाळंतिणी असतात, त्या जिन्याचं."

बहिणीचा हात काउंटरवर होता, तो तसाच राहिला.

"आणि आता?"

"आता उघडतं. दुपारीच नवं हँडल बसवलं. मी स्वतः आत उभी राहून उघडलं, दोनदा."

बहीण हळूच स्टुलावर बसली. इतके दिवस सपाट असलेला तिचा चेहरा एकाएकी मोडला आणि ती ओठ घट्ट मिटून, आवाज न करता रडू लागली. बहीण गेल्यापासून ती रडली नव्हती, हे तिने नंतर सांगितलं. रडता रडताच तिने पायाने दुसरं स्टूल पुढे सरकवलं आणि लेकीला बसायची खूण केली.